एस्टिमेटातली एकुलती एक खरी ओळ

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर साहेब,



पत्रास कारण की, आमच्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं तुम्ही दिलेलं बिल घरात फार लोकप्रिय झालं आहे. आलागेला ते हातात घेतो आणि संपेपर्यंत खाली ठेवत नाही. इंजिन ड्रेसिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी अँटीरस्ट… गाडी सोडली होती इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायला. परत आली ती करवलीसारखी नटून. इंजेक्टरना काय झालं होतं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही ‘प्रिव्हेन्टिव्ह आहे सर’ म्हणालात. एस्टिमेटाचा आकडा बघून माझा चेहरा उतरला, तशी तुम्ही मला ‘सर’वरून ‘काका’वर आणलंत. माणसाला आपलंसं करून घेण्याची ही हातोटी शिकवून येत नाही.

पण खरं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे. त्या अख्ख्या यादीत एक ओळ खरी होती: ‘ब्रेक फ्लुइड रिप्लेसमेंट’. दोन वर्षं पूर्ण झाली होती, आणि आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन वर्षांनी बदला असंच छापलं आहे. मी स्वतः सांगणारच होतो. तरीही तुम्ही मला बॉनेटपाशी नेलंत, मोबाइलचा टॉर्च मारलात, ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून खिशातला टेस्टर पेन आत बुडवलात. लाल दिवा लागला. ‘बघा काका, पाणी झालंय. रंग पण बघा, काळा.’

वास्तविक या प्रयोगाची गरज नव्हती. रंगावरून ब्रेक ऑइलची पारख होत नाही. रबराचे सील झिजले की ते काळवंडतं, आणि पाणी मुरलेलं ऑइलही दिसायला स्वच्छ असू शकतं. तुमचा तो पेनही थेट पाणी मोजत नाही. ऑइलमधून वीज किती वाहते ते बघून तो पाण्याचा अंदाज बांधतो, आणि बाटलीबाटलीगणिक तो अंदाज चुकू शकतो. खरी परीक्षा नमुना तापवून, तो किती अंशांवर उकळतो ते पाहण्याची. हाच पेन नव्या कोऱ्या बाटलीत बुडवून दाखवा, असं मी सुचवलं, तर नवी बाटली वर्कशॉपमध्ये असते आणि ग्राहकांना तिथे प्रवेश नाही, असं कळलं. सुरक्षेच्या कारणास्तव. सुरक्षेबद्दलची ही कळकळ पुढे चाकापर्यंत पोचली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

झालं असं की, पुढे आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे टायर आलटून-पालटून घ्यायला गाडी वर चढवली. पुढची चाकं काढल्यावर त्याने मला खाली बोलावलं आणि कॅलिपरवर बोट ठेवलं. तिथे ब्लीडरचं निपल असतं, त्यावर अंगठ्याच्या नखाएवढी रबरी टोपी. ऑइल बदलायचं तर ही टोपी काढून, निपलला पाना लावून, तिथून जुनं ऑइल बाहेर काढावं लागतं. दुसरा रस्ता नाही. आमच्या टोपीवर गेल्या दोन पावसाळ्यांची लाल माती होती. थापलेली, सुकलेली, तडा न गेलेली. टोपीखाली निपलच्या एकाही कडेवर पान्याचा ओरखडा नाही. मागच्या ड्रमच्या पाठीमागेही तीच कथा. मिस्त्री काही बोलला नाही, फक्त टोपी परत लावताना हसला.

आणि वर टाकीत मात्र ऑइल मधासारखं पिवळंधमक! म्हणजे तुम्ही सिरिंजने वरचं ओढून घेतलंत, बाटलीतलं ओतलंत, झाकण लावलंत आणि पुढच्या गाडीकडे वळलात. चार चाकांचं ब्लीडिंग म्हणजे एकाने आत बसून पेडल मारायचं, दुसऱ्याने खाली निपल उघड-बंद करायचं, पारदर्शक नळीतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत प्रत्येक चाकाशी तेच. एवढा वेळ कोण घालवतो? बिलात ‘लेबर’ मात्र चारही चाकांचं आहे.

मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘सर्व्हिसिंगनंतर माती लागली असेल.’ मी गाडी नेली घरापासून मिस्त्रीपर्यंत, डांबरी रस्त्याने, आणि तिला दोन पावसाळ्यांची माती लागली. हा चमत्कार आहे, आणि चमत्काराला बिलात वेगळा कॉलम हवा.

तुम्हाला हे ठाऊक असणारच, तरी लिहितो, कारण पत्र खुलं आहे. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. जिथलं तिथेच राहतं. वरचं बदललं म्हणून चाकापाशी असलेलं बदलत नाही, आणि तापतं ते नेमकं चाकापाशी. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, रबरी होजमधून, टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून, सतत. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर मानकात अपेक्षा उरते ती 155 अंशांची. डॉट 3 असेल तर 205 वरून 140. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडलवर पाय पूर्ण टेकतो आणि चाकाला खबरही लागत नाही. शहरात कधी कळायचं नाही. कुंभार्ली घाटात, गाडीत पाच माणसं, डिकीत गणपतीचं सामान, वरून एकसारखा ब्रेक दाबत उतरताना कळतं. कधी तर उतरून चहाला थांबल्यावर, वारा बंद झाला की डिस्कची धग आत सरकते आणि पुन्हा निघताना पेडल नरम लागतं.

म्हणून मला इंजिन ड्रेसिंगचा राग नाही. इंजिनावर चकाकी मारल्याने कोणी मरत नाही. राग याचा आहे की आमच्या सोसायटीतले एक काका, खरे काका, तुमच्यासारख्यांच्या अनुभवाने पोळून ‘ब्रेक ऑइल-बिइल सगळे लुटायचे धंदे’ असं ठामपणे सांगतात, आणि त्यांनी गाडी घेतल्यापासून ते बदललेलं नाही. शिमग्याला ते चिपळूणला जातात. मी त्यांना आकडे सांगितले, मॅन्युअलचं पान दाखवलं. ते म्हणाले, ‘तुलाही त्याने पेन दाखवला का?’ पुढे मला बोलता आलं नाही.

तुमच्यावर टार्गेट असतं, महिन्याअखेरीस मॅनेजर फळ्यावर आकडे लिहितो, हे मला कळतं. पण मग टार्गेट ड्रेसिंगवर पूर्ण करा की! हवं तर दोनदा ड्रेसिंग करा. ब्रेक तेवढे सोडा.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल, हा तुमचा शेवटचा बाणही आठवतो. 2014 साली स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात 2,544 कोटींवर दंड ठोठावला. दंडाचं भांडण पुढे अपिलांत गेलं, पण त्या आदेशात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे: बाहेरच्या मिस्त्रीकडे गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही, बाहेरच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती जाईल. तो आदेश छापून मी गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे, मॅन्युअलच्या शेजारी.

ऑइल आता मिस्त्रीने बदललं. सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली, चारही चाकांतून निघालेलं जुनं ऑइल बिसलेरीच्या बाटलीत भरून दिलं. ते चहासारखं दिसतं. तुमच्या पेनाला हवं असल्यास पाठवून देईन.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक काका

ता. क. गाडी ताब्यात देताना तुम्ही म्हणाला होतात की कंपनीतून फीडबॅकचा फोन येईल, तेव्हा दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेन्टिव्ह जातो. फोन आला होता. मुलीने विचारलं, ‘आपण सेवेबद्दल समाधानी आहात का?’ मी तिला विचारलं, निपलच्या टोपीवर किती मार्क असतात? तिने होल्डवर ठेवलं.