कमीत कमी बदल, जास्तीत जास्त खर्च: देवरूखच्या नवशिक्यांसाठी

मागे स्पॉयलर, बोनेटवर वाघाचं स्टिकर, पाठच्या काचेवर आडनाव आणि गाडीखाली निळे दिवे, ही मॉडिफिकेशनची बालवाडी झाली. ती तुम्ही पास झालात. आता तुम्हांला 'मिनिमलिस्ट' व्हायचंय. म्हणजे बदल असे करायचे, की बघणाऱ्याला एकही दिसू नये आणि पासबुकात मात्र सगळे दिसावेत. खालच्या पायऱ्या क्रमानं चढा. मधेच थांबून हिशेब मांडलात, की वर्ष वाया गेलं समजा.

1. गाडी निवडा.
टर्बो नको. टर्बोच्या गाडीला लॅपटॉप जोडून रीमॅप केलं, की ताकद दुपारपर्यंत वाढते. त्यात साधना कुठली? तुम्हांला हवी नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, स्वतःच्या नाकानं श्वास घेणारी. दोन आसनांची अस्सल स्पोर्ट्स कारच हवी असेल, तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म शोधा. फायबरची बॉडी, रेनॉचं 1.2 लिटरचं इंजिन, ताकद साधारण 60 हॉर्सपॉवर. मिळणार नाही, पण शोधण्यात दिवस बरे जातात. मग सगळे जिथं पोचतात तिथंच तुम्हीही पोचाल: 2000 च्या सुमारास आलेली होंडा सिटी 1.5 व्हीटेक, 106 हॉर्सपॉवर. 2003 मध्ये तिच्या जागी आलेल्या नव्या सिटीची ताकद होती 77. हे दोन आकडे पाठ करा, पुढची सगळी भाषणं त्यांवरच द्यायची आहेत. घरी मात्र 'चार दारं आहेत, डिकी मोठी आहे' एवढंच सांगा.

2. वजन उतरवा.
लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन जन्मभर गाड्यांचं वजन उतरवत राहिला. चहाच्या टपरीवर त्याचं नाव घ्यायला शिका. मग स्टेपनी काढा, जॅक काढा, मागची सीट काढा. गाडी हलकी झाल्याचं पहिल्याच वळणावर जाणवेल. न जाणवल्यास जाणवलं म्हणा. स्टेपनी नसल्याचं मात्र आंबा घाटात नक्की जाणवेल, तेही अंधार पडल्यावर. पुढे मे महिन्यात आत्याकडून निघताना डिकीत हापूसच्या चार पेट्या आणि एक बरका फणस येऊन पडतो, आणि वर्षभराचं पथ्य पाच मिनिटांत मोडतं. फणसाला नाही म्हणू नका. आत्या चॅपमनला ओळखत नाही.

3. इंजिनाचा श्वास मोकळा करा.
कंपनीचा कागदी एअर फिल्टर काढून धुता येणारा, तेल लावलेला सुती फिल्टर बसवा. जांभ्याच्या लाल धुळीत तो महिन्याभरात पायपुसण्यासारखा दिसेल. तो धुणं हा तुमचा रविवार. यानं वाढली तर दोन-तीन हॉर्सपॉवर वाढते. ती मोजायला डायनो लागतो आणि तो काही देवरुखात नाही, तेव्हा आकडा तुम्हीच ठरवा. सात सांगा. दहा म्हटलं, की लोकांना संशय येतो.

हौस उरली असेल, तर हवा ओढायची नळी बंपरच्या मागं खाली न्या. खालची हवा बोनेटखालच्या हवेपेक्षा थंड, थंड हवा दाट, आणि दाट हवेत प्राणवायू जास्त. शास्त्र बरोबर आहे. फक्त जुलैत त्या उंचीवर हवा नसते, पाणी असतं. ते सिलिंडरमध्ये शिरलं, की हवेसारखं दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. वाईट वाटून घेऊ नका. इंजिन उतरवलंच आहे, तर आणखी दोन गोष्टी करून घेता येतील.

4. आवाज सुधारा.
फ्री-फ्लो सायलेन्सर बसवा. जाड पाइपामुळं खालच्या फेऱ्यांचा पिकअप थोडा जातो, वरच्या फेऱ्यांत थोडा येतो. आता व्हीटेकची खरी गंमत इंजिन पाच हजार फेऱ्यांच्या आसपास गेलं, की सुरू होते. बाजारपेठेत पुढे एसटी, मागे सहा आसनी, बाजूला मासळीचा टेम्पो. तिथं पाच हजार फेरे फक्त न्यूट्रलमध्ये होतात. म्हणजे जो पिकअप रोज लागतो तो गेला आणि जो कधीच लागत नाही तो आला. याला संतुलन म्हणतात. शेजारचे काका अंगणात येऊन विचारतील, "काय रे, सायलेन्सर फुटला काय? वेल्डिंग करून घे, दोनशे रुपयांत होईल." वाद घालू नका. नुसतं हसा.

5. गाडी बसवा.
आखूड स्प्रिंग घालून गाडी 30 मिलिमीटर खाली आणा. जमिनीच्या जवळ गेलेली गाडी वळणात कमी कलते, आणि ऑइलचा चेंबरही जमिनीच्या जवळ जातो. गतिरोधक तिरपा घ्या. रस्त्यापासून घरापर्यंतची जांभ्याची चढण आली, की आजीला उतरवून पाखाडीनं चालत यायला सांगा. तिची तक्रार मनावर घेऊ नका, वजन उतरवण्याची पायरी आपण मागेच शिकलो. मारळला मार्लेश्वराच्या दर्शनाला निघाल्यास मात्र शेजाऱ्यांची जुनी अल्टो मागून घ्या.

6. कंटाळवाणी कामं शेवटी ठेवा.
इथं नवशिके हमखास घसरतात. मिस्त्री गाडीखाली सरपटत जातो, लोअर आर्मचं बुश अंगठ्यानं दाबतो आणि रबराची काळी भुकटी झरझर त्याच्या कपाळावर पडते. "वीस वर्षं कुणी बघितलं नाय वाटतं," तो म्हणतो. मग एक यादी देतो: चारही बुश, नवे शॉक, अलाइनमेंट, ब्रेक पॅड, चांगल्या खाचांचे टायर आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. कोकणात हवेला ओलावा पुरवावा लागत नाही. ओल धरलेलं ऑइल लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि घाटाच्या लांब उतारावर पेडल पायाखाली मऊ पडत जातं.

सावध राहा. ही यादी फिल्टर-सायलेन्सरच्या खर्चात सहज बसते, आणि ती पुरी केली तर गाडी खरोखर बदलते: सरळ धावते, वेळेवर थांबते, ओल्या वळणावर घसरत नाही. मग मॉडिफिकेशनला कारणच उरत नाही. म्हणून यादी खिशात घाला आणि 'पुढच्या पगाराला बघू' म्हणा.

7. जुनं काही टाकू नका.
काढलेला प्रत्येक मूळ भाग पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. तुमची सिटी 15 वर्षांची कधीच झाली, म्हणजे दर 5 वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागते. आदल्या दिवशी मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग, मूळ फिल्टर परत चढवा आणि काम झालं, की पुन्हा उतरवा. एकाच बदलाची मजुरी तीनदा दिलीत, की तुम्ही अनुभवी झालात.

8. कायदा वाचा, पण शेवटी.
उत्पादकानं नोंदवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 182अ आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दंड नगावर आहे, हे लक्षात घ्या. मिनिमलिझमच्या बाजूनं इतका व्यवहारी मुद्दा चॅपमनलाही सुचला नव्हता.

टायर, ब्रेक ऑइल आणि वायपरची रबरं बदलण्याला मात्र कुठल्याही कलमात दंड नाही. मृग लागायच्या आत बदलून घ्या.