प्रिय करदात्यास, सप्रेम परतावा

'प्रिय करदाते, आपला 15,490 रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे. 24 तासांत खालील दुव्यावर बँक खातं पडताळा.' सरकारी खातं आपल्याला 'प्रिय' म्हणतंय आणि वर घाईत आहे, यातच खरं तर सगळं आलं. तरी कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं हुज्जत घालणारे आपण इथे निमूटपणे ओटीपी टाकतो.

भामट्यांची मेल म्हणे शुद्धलेखनाच्या चुकांवरून ओळखावी. हा सल्ला आता निकालात काढा. एआयच्या कृपेने त्यांची भाषा सुधारली. आणि हाच निकष लावला तर अस्सल सरकारी परिपत्रकांपैकी निम्मी बनावट ठरतील.

पाठवणाऱ्याचं नाव काय, कुणीही काहीही लिहावं. पाहायचा तो पत्ता, तोही शेवटाकडून. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' हे सुरुवातीला झळकतं आणि शेपटीला 'डॉट रिफंड डॉट एक्सवायझेड' लोंबत असतं. मालक शेपटीकडचा. बँकांना तर रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं होतं. आयकराच्या नोटिशीवर 1 ऑक्टोबर 2019 पासून डीआयएन हा दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो लॉगिन न करताही ई-फायलिंग पोर्टलवर तपासता येतो. पोर्टलचा पत्ता मात्र स्वतः टाइप करायचा. मेलमधल्या दुव्यावरूनच मेलची खातरजमा करणारे महाभागही आहेत.

खरा परतावा आधीच पडताळलेल्या खात्यात मुकाट जमा होतो. ओटीपी लागत नाही. उशीर लागतो.