कवी, इयत्ता दुसरी

लहान मुलांच्या कवितेला मुलांपासून काहीच धोका नाही. धोका आहे तो मोठ्यांनी नेमून दिलेल्या विषयाचा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला की दुसरीतली पोट्टी वृक्ष, पाणी आणि आई यांवर एकाच चालीत कविता वाचतात. कोरपना तालुक्यात तर ही गंमत जास्तच खुलते. इथल्या जमिनीत चुनखडी, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीला सिमेंटचे कारखाने. रस्त्याकडेची कपाशी बोंड फुटायच्या आधीच पांढरी दिसते, पण कवितेतलं झाड मात्र हिरवंगार! पोराच्या डोळ्यांसमोर ट्रक आणि वहीत झुळझुळ झरा. अशी कविता कोणाची, हे ओळखायची खूण सोपी आहे. ‘पर्यावरणसंवर्धन’ हा शब्द पोट्ट्याने न अडखळता म्हटला आणि एकाही ओळीला त्याला स्वतःला हसू आलं नाही, तर कवी त्याचा काका समजावा.

माझं म्हणणं एवढंच, की या वयातली कविता आधी तोंडात होते, कागदावर नंतर येते. रशियन लेखक कोर्नेय चुकोव्स्कीने दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपलं. त्याला दिसलं, की मुलांच्या ओळी उड्या मारता मारताच जन्मतात. आणि आपल्या बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं? त्या ओव्या म्हणत गेल्या, घरच्यांनी उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. उतरवणाऱ्यांनी शुद्धलेखनाचे मार्क कापले असते तर आपण काय वाचलं असतं? म्हणून मुलाने बोलावं, गुरुजींनी लिहावं आणि लाल पेन खिशात ठेवावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : भाषा बिघडेल. त्यासाठी शुद्धलेखनाची वही आहेच की. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब तिथे करा. इथल्या घराघरांत गोंडी, कोलामी, तेलुगू बोलली जाते. त्यातला एखादा शब्द ओळीत घुसला तर मराठीला काही पडसं होत नाही. दुसरा आक्षेप : अशा कवितेला अर्थ नसतो. नसेना! मोठ्यांच्या कविसंमेलनात ही अट कधीपासून लागू झाली?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : पोरांना टाळ्यांची चटक लागते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली; त्यांची कविता काही त्याने बिघडली नाही. पण ते कौतुक त्यांच्या स्वतःच्या ओळींचं होतं. काकाच्या ओळींना टाळ्या मिळाल्या, तर पोरगं एवढंच शिकतं की काका कामाचा माणूस आहे. तेव्हा उपाय एकच : वाचन ठेवा, पण मोबाइल धरून बसलेल्या पालकांपुढे नको, वर्गातल्या पोट्ट्यांपुढे ठेवा. ती सौजन्याने टाळ्या वाजवत नाहीत. आवडलं तर “अजून एकदा म्हण” म्हणतात. कंटाळली तर शेजारच्याला चिमटा काढतात. इतकी प्रामाणिक समीक्षा मराठीत दुसरीकडे फारशी मिळत नाही.