आईची कंबर आणि नॉर्डश्लाइफे

दोन सीटांच्या गाडीचा मोठा फायदा हा, की आई आणि बायको या दोघींना एकाच वेळी तक्रार करता येत नाही. आमची माझ्दा एमएक्स-५ तशी सालस. वजन टनभर, छप्पर हाताने मागे लोटलं की उघडतं, पेट्रोल बेताचं पिते. कंपनीने दिलेलं सस्पेन्शन मात्र इतकं नम्र, की वळण आलं की गाडी आधी कमरेत वाकून मुजरा करते आणि मग वळते. स्टुटगार्टच्या रस्त्यांवर हे शोभून दिसतं. न्युर्बुर्गरिंगवर मागून पोर्शे सुसाट येत असताना एवढा शिष्टाचार परवडत नाही.

न्युर्बुर्गरिंग म्हणजे त्यातला जुना भाग, नॉर्डश्लाइफे. 1927 साली आयफेलच्या डोंगरांत खुला झालेला, 20.8 किलोमीटर लांबीचा, सत्तरच्या वर वळणांचा, आणि सगळ्यात उंच व सगळ्यात खोल जागेत तीनेकशे मीटरचा फरक असलेला ट्रॅक. ठरावीक दिवशी तिकीट काढून कोणीही आपली रोजची गाडी आत घालू शकतो. कायद्याने तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता. उजवीकडून चालवा, ओव्हरटेक फक्त डावीकडून. टोल भरताना मला आनंद होतो असा हा एकच रस्ता.

तर सस्पेन्शन बदलायचं ठरलं. यातलं तत्त्व सोपं आहे. स्प्रिंग गाडीचा भार पेलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगचा उत्साह आवरतो. शॉकअप गेलेली रिक्षा एका खड्ड्याचं दुःख पुढच्या चौकापर्यंत डोलत सांगत जाते, ती याचमुळे. कॉइलओव्हर म्हणून जो प्रकार मिळतो त्यात शॉकअपच्या नळीवर आटे असतात, त्यावरची रिंग पान्याने फिरवली की गाडी खाली-वर होते. शिवाय शॉकअपने स्प्रिंगला किती आवरायचं ते क्लिक-क्लिक करत ठरवणारा नॉब. आणि नॉबपाशीच माणसाचा विवेक सुटतो.

केडब्ल्यू कंपनीचं व्हेरिएंट 1 फक्त उंची बदलू देतं. 2 मध्ये स्प्रिंग उसळताना किती आवरायची तेही आपल्या हातात. 3 मध्ये दबताना वेगळं आणि उसळताना वेगळं. नळी स्टेनलेस स्टीलची, कारण हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि साधे आटे दोन हिवाळ्यांत गंजून बसतात. बिल्स्टाइनच्या बी16 मध्ये एकाच नॉबने दोन्ही गोष्टी एकदम, दहा पायऱ्यांत. स्वीडनच्या ओलिन्सचं रोड अँड ट्रॅकही एकाच नॉबचं, पण रंगाने सोनेरी. सोनेरी म्हटल्यावर साताऱ्याहून आलेल्या आईने चष्मा लावून कॅटलॉग पाहिला, किंमत विचारली आणि म्हणाली, "अरे, एवढ्यात खऱ्या पाटल्या येतील."

माझं मत विचाराल तर एका शॉकअपला दोन नॉब हे संसारी माणसाचं काम नव्हे. चार चाकं, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ नॉब. गाडी वळणात जरा अस्वस्थ वाटली की कोणता फिरवायचा हे कळायला इंजिनिअर लागतो, आणि इथल्या आमच्या मराठी गोतावळ्यात इंजिनिअरशिवाय दुसरं कोणी नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन उभे असताना त्या आठ नॉबवर चाळीस मतं पडली. त्यातल्या दोघांकडे गाडीच नव्हती.

यातलं एक मत सगळ्यात ठाम होतं: ट्रॅक म्हणजे घट्ट. या मताच्या मालकाने स्वतःच्या गाडीत दगडासारख्या स्प्रिंगा घातल्या आहेत. तो न्युर्बुर्गरिंगवर जातो तेव्हा गाडी खरंच डोलत नाही, नुसती टणाटणा उडते. नॉर्डश्लाइफे काही नव्या सर्किटसारखा इस्त्री केलेला नाही. फुक्सरोरेच्या तळाशी गाडी अशी दाबली जाते की स्प्रिंग तळाला टेकते. फ्लान्ट्सगार्टनला चाकं जमीन सोडू पाहतात. कारुसेलमध्ये तर काँक्रीटच्या कललेल्या पाट्यांवरून दात वाजवत जायचं. आणि टायर हवेत असताना तुम्ही स्टीअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडीपर्यंत काही पोचत नाही.

मी एका नॉबचं घेतलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, पुन्हा आरती करावी लागेल.

बसवल्यावर ट्यूफ. इकडची ही तपासणी म्हणजे आपलं आरटीओ, फक्त एजंटाविना. तपासनीस गृहस्थांनी आधी पार्टचे कागद वाचले, सगळे, तळटिपांसकट. मग टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजलं, चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे घासत नाहीत ना ते पाहिलं, हेडलाइटचा झोत तपासला, आणि उंची कागदोपत्री नोंदवून शिक्का मारला. नंतर त्या मर्यादेबाहेर रिंग फिरवली तर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच धोक्यात. म्हणजे उंची सरकारची, क्लिक तेवढे आमचे. मला ही वाटणी मनापासून पटली. गाडी फार खाली बसवली की स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही, हे शिक्क्याशिवाय आमच्या लोकांना कळत नाही.

क्लिक ठरवायला आई. नॉब पूर्ण घट्ट करायचा, मग उलटे क्लिक मोजत सोडायचा, आणि आईला बसवून एसलिंगेनच्या जुन्या गावातल्या दगडी फरसबंदीवरून न्यायचं. आईच्या कमरेने चाळीस वर्षं एसटी पाहिली आहे, त्यामुळे तिचे शेरे मोजके असत. "थांबव." पुढे, "हं, हे माणसांचं वाटतंय." आणखी सोडल्यावर, "आता मळमळतंय रे, मघाचंच बरं होतं."

मघाचं मी वहीत लिहून ठेवलं आणि ट्रॅकसाठी वेगळं, घट्ट गणित मांडून न्युर्बुर्गरिंगवर गेलो. तिथे दोन्ही चालवून पाहिली. घट्ट गणिताने गाडी सपाट पट्ट्यात झकास, पण खडबडीत उतारावर ब्रेक लावला की पुढची चाकं दगा देतात. आईच्या आकड्यावर तीच गाडी जमिनीला चिकटून गेली. त्याहून दोन क्लिक घट्ट केलं तेव्हा वळणातला मुजराही थांबला. दोन क्लिक! आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "दोन मी सहन केले असते, तू विचारलंच नाहीस."

पुढच्या खेपेला ही म्हणाली, आज मी चालवते. मी बाजूला बसलो. कारुसेलमध्ये हिने गाडी खालच्या काँक्रीटवर अशी नेमकी टाकली, की मी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. मागून एक पोर्शे आली, हिने उजवा इंडिकेटर देऊन तिला शांतपणे जाऊ दिलं. बाहेर आल्यावर इंजिन निवत असताना मी अदबीने विचारलं, "सस्पेन्शन कसं वाटलं?"

"ठीक आहे," ही म्हणाली. "टायर बदलायला हवेत."

"कुठले घ्यायचे?"

हिच्या मोबाईलमध्ये यादी तयार होती.