झूम मोठा, सेन्सर खोटा

निकॉन डी90 (2008) चा सेन्सर सुमारे 23.6 बाय 15.8 मिलिमीटरचा. पी900 (2015) चा जेमतेम 6.2 बाय 4.6, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ही उणीव 83 पट झूम झाकतो: गच्चीतून चंद्रावरची विवरं दिसतात, समोरच्या बिल्डिंगीतले वाळत घातलेले कपडेही. तिन्हीसांजेला मात्र फोटोत वाघ कमी, रवा जास्त. डी90 त्या उजेडात तग धरतो. फक्त 18-105 लेन्समधून ताडोब्याचा वाघ मांजराएवढा येतो. मोठी लेन्स घ्यावी, तर कॅमेऱ्याची किंमत चिल्लर वाटते. राहिला सुटसुटीतपणा. सुमारे 900 ग्रॅमचा पी900 डी90 च्या नुसत्या बॉडीहून जड आहे! जुना डी90 घेताना शटर किती वेळा उडालंय ते आधी पाहावं. कंपनीने ते 1 लाख क्लिकपर्यंतच तपासलेलं आहे.