बचतीची धडधड

ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर मोकळे सोडले. त्याआधी जुन्या पेट्रोल ॲम्बॅसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवणाऱ्याला लिटरमागे वाचणारे पैसे तोंडपाठ असत. जड इंजिनाखाली दबलेल्या पुढच्या स्प्रिंगा, नव्याने वेल्डिंग केलेलं माउंटिंग, आरसी बुकात इंधन बदलण्यासाठी आरटीओच्या खेपा (आणि अर्थातच एजंट) हे मात्र त्या हिशेबात कधी शिरलं नाही. डिझेलला स्पार्क प्लग नाही. हवा वीसेक पट दाबून तापवली की इंधन आपणच पेटतं. तो दणका आधी स्टिअरिंगला, मग आरशाला, शेवटी मागे बसलेल्या सासूबाईंच्या कवळीला पोचे. जावई अभिमानाने ओरडे, “ॲव्हरेज बघा!” सासूबाई विचारत, “गॅरेज? परत?”