आमचे मोबाइल-संन्यासी

प्रत्येक सोसायटीत एक जण गच्चीच्या गळतीवर बोलणारा असतो, एक पार्किंगवरून भांडणारा असतो आणि हल्ली एक सोशल मीडिया सोडलेला असतो. पहिले दोघे निदान सभेपुरते बोलतात. तिसरा लिफ्टमध्येसुद्धा गाठतो. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत हे पद अण्णांकडे आहे.

विषय कुठलाही काढा, अण्णा तो दोन वाक्यांत तिथे आणतात. दूध महागलं म्हणा, तर म्हणतील, "असेल बाबा. आम्हाला हल्ली काही कळत नाही. आम्ही सोडलंय ना सगळं." मग थांबतात. काय सोडलंय, हे समोरच्याने विचारायचं असतं. नाही विचारलं तर तेच विचारतात, "काय सोडलं, विचारणार नाही का?"

शास्त्राप्रमाणे संन्यास घेणारा आधी स्वतःचं श्राद्ध स्वतःच उरकतो. अण्णांनीही फेसबुकवर ते यथासांग केलं. निरोपाची पोस्ट लिहायला त्यांना दोन रविवार लागले. सुरुवातीला मानवजातीची अधोगती, मधे लहानपणची विहीर आणि शेवटी ‘आता मला शोधू नका’. सोबत समुद्राकडे तोंड करून उभा असलेला पाठमोरा फोटो. पोस्ट टाकून अण्णा मध्यरात्रीपर्यंत जागे, कारण कोण कोण हळहळलं ते बघायचं होतं. ‘अण्णा, जाऊ नका’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी जातीने उत्तर दिलं. मेहुण्याने तेवढा नुसता अंगठा उमटवला. ते दुःख अजून ताजं आहे. "माणूस चाललाय आणि हा अंगठा दाखवतोय!"

फेसबुकवाल्यांनीही असे अण्णा पुष्कळ पाहिले असणार. खातं कायमचं पुसा म्हटलं तरी ते 30 दिवस थांबतात. तेवढ्यात आत गेलात तर विनंती रद्द करायची सोय समोर हजर. ‘नीट बंद झालंय ना’ याची खात्री करायला अण्णा मुदत संपता संपता आत गेले. पुढचं सांगायला नको. दुसऱ्या निरोपाच्या पोस्टला मात्र पहिल्यासारखी गर्दी झाली नाही.

अण्णांचं सगळंच चुकतं असं मी म्हणणार नाही. बोटाने सरकवत राहावं आणि पान संपूच नये, ही युक्ती एझा रास्किन नावाच्या माणसाने 2006 साली काढली आणि पुढे त्यालाच तिचा पस्तावा झाला. पूर्वी पान संपायचं, माणूस निदान पाणी प्यायला उठायचा. ही कथा मला अण्णांनीच सांगितली. कुठे वाचलीत म्हणून विचारलं, तर जरा घुटमळून म्हणाले, "रीलमध्ये."

तर, रोजचे तीन तास वाचले. एवढे तास अंगावर पडले की माणूस काय करील याचा नेम नाही. अण्णांनी जुनी पेटी विकत आणली. काळी एक की काळी दोन यावर आठवडा गेला. मग धडे घ्यायला यूट्यूब लावलं. "ते शिक्षण आहे, सोशल मीडिया नाही," हा खुलासा त्यांनी आपणहून केला. यमनची सरगम शिकता शिकता कोल्हापूरची मिसळ, तिथून एका गृहस्थाने बांधलेलं मातीचं घर आणि तिथून बिबट्या. पेटी समोर उघडीच. मधूनच भाता हलला की पोकळ सूर निघतो आणि खालच्या मजल्यावर कळतं, अण्णांचा रियाज चालू आहे.

वाचनाचं गाडीत बघावं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये अण्णा ‘मृत्युंजय’ घेऊन बसतात, मुखपृष्ठ लोकांना नीट दिसेल अशा बेताने. मुंब्रा येईपर्यंत नजर पुस्तकात असते. मग मान हळूहळू शेजारच्या पोराच्या मोबाइलकडे कलते. पोरगा बिचारा संस्कारी, काही न बोलता मोबाइल थोडा त्यांच्या बाजूला धरतो. परवा त्याने क्रिकेटची रील पुढे सरकवली, तर अण्णा चक्क म्हणाले, "अरे, मागे घे जरा, कॅच बघू दे." गेल्या दिवाळीपासून हे वाचन चालू आहे. कर्णाची कवचकुंडलं अजून शाबूत आहेत.

वहिनींनी फेसबुक कधी सोडलं ते कुणालाच ठाऊक नाही. पासवर्ड विसरल्या आणि नवा केला नाही, एवढंच. संध्याकाळी त्या मोडी लिपीच्या वर्गाला जातात. माहेरच्या माळ्यावर कागदांचं एक गाठोडं होतं, ते भिंग घेऊन बसून लावतात. त्यात पणजोबांचं गहाणखत निघालं. शेत सावकाराने गिळलं, असं घरात सगळे समजून होते. वहिनींनी खालची पुसट ओळ लावली, तर शेत सोडवून घेतल्याची नोंद! अण्णांनी लगेच खिडकीत धरून फोटो काढला. आणि मग हातात मोबाइल घेऊन तसेच उभे राहिले, कारण टाकायचा कुठे? शेवटी मला व्हॉट्सॲपवर पाठवला. व्हॉट्सॲप ही गरज आहे म्हणे. दोन निळ्या खुणा दिसूनही मी काही लिहिलं नाही, म्हणून दहा मिनिटांत दार वाजवलं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मला त्यातलं सर्वांत काय आवडलं असेल, तर सगळेच बंद करतात, त्यामुळे कुणी कुणाला ते सांगायला जात नाही. अण्णांना मात्र भोंगा आवडला. वार्षिक सभेत त्यांनी तसा ठरावच मांडला, अर्धा तास बोलले, रास्किनलाही आणलं. खालच्या मजल्यावरच्यांनी भोंग्यात पेटीही धरणार का, एवढंच विचारलं. सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघत निकाल दिला, "अण्णा, छान आहे. ग्रुपवर टाका, मतं घेऊ."

सोसायटीच्या ग्रुपमधून अण्णा बाहेर पडलेले होते. ठरावापुरते आत आले. सध्या ते ग्रुपचे ॲडमिन आहेत, ठरावावर चर्चा चालू आहे आणि रात्री साडेअकराला त्यांचा शेवटचा मेसेज येतो.